मदत हवी आहे: डिचोली-म्हापसा बाजूला एएची (अल्कोहोलिक्स अनॉनिमसची) कोकणी किंवा मराठी मीटिंग

मुक्काम डिचोली:
नमस्कार. थोरल्या भावासाठी विचारते आहे. त्याचा खाणीवर ट्रक होता. 2012 साली खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा राहिला आणि दादा बारमध्ये जाऊन बसायला लागला. (सगळं खापर खाणीवर फोडत नाही, आधीही प्यायचाच.) नुकताच बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत राहून घरी आलाय. हाताची थरथर थांबली, जेवण जातंय. डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवून अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जायला सांगितलंय आणि तो चक्क हो म्हणालाय.

मीटिंगा बहुतेक संध्याकाळी असतात म्हणे, मग परतीच्या बसचं काय? स्कूटर त्याच्या हातात सध्या आम्हीच देत नाही, वाटेत बार किती ते गोव्यातल्या माणसाला सांगायला नको. त्याचं शिक्षण मराठीतून सातवीपर्यंत, इंग्रजी चाललं तर तो मागच्या मागे उठून येईल. आईला कोणीतरी सांगितलंय की हे चर्चमध्ये असतं, त्यामुळे तिच्या डोक्यात भलतंच. आणि दादाचा स्वतःचा प्रश्न एकच: उभं राहून बोलावं लागतं का?

काजूचा मोसम तोंडावर आलाय. हुर्राक (काजूची दारू) निघाला की शेजारी प्रेमाने बाटली आणून देतात. त्याआधी हे मार्गी लागावं असं वाटतं.

जुना मेंबर:
ताई, मी स्वतः एएचा, बरीच वर्षं सोबर, म्हणजे दारूशिवाय आहे. आधी दादांचं उत्तर. बोलायची सक्ती नसते. पाळी आली की नाव सांगून 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी पुरतं. मी सुरुवातीला कित्येक मीटिंगा चहा पिऊन घरी आलो. आडनाव, गाव, नोकरी कोणी विचारत नाही. फी नाही, शेवटी एक पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल तो टाकतो. अट एकच, दारू सोडायची इच्छा.

आईंना सांगा, चर्चचा किंवा शाळेचा हॉल फक्त जागा म्हणून घेतलेला असतो. प्रार्थना होते, देवाचं नावही येतं, पण कुठला देव ते ज्याचं त्याने ठरवायचं. आमच्यात माशेलचा देवळातला माणूस आहे आणि साष्टीचा कॅथलिकही, दोघांची कहाणी ऐकलीत तर कोणाची कुठली ते ओळखता येणार नाही.

भाषेचं मात्र आधी विचारून घ्या. म्हापसा, पणजी, मडगाव या बाजूला गट आहेत, काही ठिकाणी इंग्रजी जास्त, काही ठिकाणी कोकणी. एएच्या संकेतस्थळावर यादी असते, पण हॉल आणि वेळ बदलत राहते, तेव्हा फोन करूनच निघा. फोनवर दोन गोष्टी विचारा: कोकणी चालते का, आणि डिचोलीकडचा कोणी गाडीने येतो का. आमच्यात नव्या माणसाला आणणं-सोडणं हे काम कोणीही आनंदाने करतो, त्यात त्याचीही सोबरायटी टिकते. पहिल्या वेळी तुम्हाला सोबत जायचं असेल तर 'ओपन' मीटिंग कधी ते विचारा. 'क्लोज्ड'ला फक्त दारू सोडू पाहणारेच बसतात, घरचे नाही.

आणखी एक. गावाजवळची मीटिंग शोधू नका. ओळखीचं कोणी नसेल अशा ठिकाणी माणूस लवकर मोकळा होतो. डिचोलीकराला म्हापसा त्यासाठी बरं.

पेडणेकर:
एवढा खटाटोप कशाला? दारू सोडवायची पावडर मिळते, न सांगता आमटीत घालायची. आमच्याकडे एकाला गुण आला.

म्हापशातली:
@पेडणेकर, कृपा करून असले सल्ले देऊ नका. त्या पावडरीत काय असतं ते विकणाराही सांगत नाही. डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठीचं औषध) असेल आणि माणूस वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. ती गोळी डॉक्टरच देतात, रुग्णाला सांगून.

डिचोलीच्या ताई, माझा नवरा पिणारा, म्हणून मी अल-अनॉनला जाते. ते घरच्यांसाठी असतं, 1951पासून वेगळी संघटना आहे. दादा मीटिंगला जावोत न जावोत, तुम्ही आणि वहिनी जा. बाटल्या शोधणं, खिसे तपासणं, त्याच्या वतीने मालकाला खोटं सांगणं, हे सगळं मी तिथे सोडलं. नवरा अजून मधूनमधून पितो, पण मला झोप लागते.

तोपर्यंत रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवं असेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याचा नंबर आणि 14446 हा व्यसनमुक्तीचा, दोन्ही सरकारी, फुकट. आणि दादा पुन्हा रोज प्यायला लागले, तर घरात कोंडून एकदम बंद करू नका. आकडी येते, दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो. सरळ बांबोळीला न्या.

मुक्काम डिचोली:
सगळ्यांचे आभार. फोन लावला. पलीकडच्या माणसाने कोकणीतच 'भावाक फोन दी' म्हटलं आणि दादा अंगणात जाऊन बराच वेळ बोलत होता. शनिवारची ओपन मीटिंग ठरली आहे. साखळीहून एकजण गाडीने येणार, वाटेत आम्हाला घेणार. आई अजून कुरकुरते आहे, पण सोबत मीही जातेय म्हटल्यावर गप्प बसली. वहिनीला अल-अनॉनचं सांगितलंय. @म्हापशातली, तुमची मीटिंग कुठल्या वारी असते ते निरोपात कळवाल का?