पहिलाच डेस्कटॉप घरी जुळवायचा आहे (ठाणे). कोटेशन बघून सल्ला द्या

वर्गपाटी

नमस्कार मंडळी. मी पाचपाखाडीत राहते, नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवते. माझा लॅपटॉप सातव्या पिढीच्या इंटेलवर चालतो. तो विंडोज ११ च्या यादीत बसत नाही आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हा आता डेस्कटॉपच घ्यायचं ठरवलंय.

काम सांगते: पेन टॅब्लेटवर गणित सोडवत ओबीएसने (पडद्यावरचं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) रेकॉर्डिंग करायचं, मोबाइलवर घेतलेले तुकडे त्यात जोडायचे, जिओजेब्रा (गणिताच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर), आणि ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब. बहिणीचा मुलगा अकरावीत आहे. "मावशी, दुकानात नको, आपणच जुळवू" म्हणून मागे लागलाय. त्याचा डोळा गेमवर आहे हे मला कळतं, पण ग्राफिक्स कार्डासाठी वेगळे पैसे मिळणार नाहीत हे त्याला सांगून झालंय.

बजेट ७५ हजार. मॉनिटर जुना २२ इंची आहे, तोच वापरणार. स्टेशनजवळच्या एका दुकानाने दिलेलं कोटेशन असं: आय-५ १२४००एफ प्रोसेसर, एच६१० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एक पट्टी, ५१२ जीबी एनव्हीएमई (फाइली साठवायची ड्राइव्ह), जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएससह (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा) कॅबिनेट, आणि विंडोज "टाकून देतो". हे ठीक आहे का? आणि घरी जुळवणं खरंच जमतं का, की पोराचा उत्साह आहे नुसता?

सोल्डरगन

ताई, कोटेशन देणाऱ्याने तुमचं काम विचारलंच नसावं. ही त्याची नेहमीची यादी दिसते.

सगळ्यात आधी प्रोसेसर. नावामागचं "एफ" म्हणजे आत ग्राफिक्स नाही. म्हणून चित्र दिसण्यापुरतं जीटी ७३० चिकटवलंय. हे कार्ड २०१४ चं आहे. आजचे बरेच मोबाइल एचईव्हीसीमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायचा प्रकार) शूट करतात आणि ते उलगडायची सोय या कार्डात नाही, म्हणजे व्हिडिओ कापताना सगळा भार प्रोसेसरवर. त्यापेक्षा "एफ" नसलेला साधा १२४०० घ्या. त्यात यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओचं काम वेगळं उरकणारा भाग) आहे, एचईव्हीसी त्याला सहज झेपतं. ओबीएसमध्ये एन्कोडर म्हणून तेच निवडायचं, म्हणजे रेकॉर्डिंग चालू असताना जिओजेब्रा अडखळत नाही. कार्डाचे पैसे वाचले ते रॅमला लावा.

रॅम ८ ची एक पट्टी हा या यादीतला दुसरा घोळ. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, तुमच्याच रॅममधून घेतं. एकच पट्टी असली की प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही एकाच अरुंद वाटेने येजा करतात. ८ च्या दोन पट्ट्या घ्या. डेटा सेंटरवाल्यांनी एआयसाठी मेमरी उचलायचा सपाटा लावल्यापासून, २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, म्हणून इथे आकडा लिहीत नाही. जायच्या दिवशी सकाळी फोन करून विचारा.

एच६१० बोर्ड वाईट नाही, पण रॅमला दोनच स्लॉट, आणि एनव्हीएमई पीसीआयई ३ च्या, म्हणजे जुन्या आणि कमी वेगाने चालते. तुमच्या कामाला तो वेग पुरतो. तरी जमलं तर बी७६० घ्या, चार स्लॉटचा. पुढेमागे ३२ जीबी करताना जुन्या पट्ट्या विकाव्या लागणार नाहीत. बी७६० मध्ये डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकारचे बोर्ड येतात, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. बिल करण्याआधी खोक्यावर वाचून घ्या.

आणि कॅबिनेटसोबतचा फुकट एसएमपीएस तिथेच ठेवून या. ५०० वॅट असं स्टिकरवर कोणीही छापतं. ८० प्लस ब्रॉन्झचा ५५० वॅट वेगळा विकत घ्या. ८० प्लस हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र आहे, टिकाऊपणाचं नव्हे, त्यामुळे वॉरंटी किती वर्षांची तेही बघा. पाच वर्षं देणारा कुठल्याही झगमगीत कॅबिनेटपेक्षा मोलाचा. मी कात्री एसएमपीएसला कधीच लावत नाही.

ऐरोलीचा अण्णा

कोटेशनबद्दल सोल्डरगनशी सहमत, पण १२४०० का? तो २०२२ च्या जानेवारीतला. एलजीए १७०० सॉकेट (१२४०० बसतो ती बोर्डावरची जागा) चौदाव्या पिढीवर संपला, इंटेलने २०२४ मध्ये नवा सॉकेट आणला. एएमडीचा एएम५ सॉकेट घ्या, त्यात रायझन ५ ७६०० किंवा ८६००जी प्रोसेसर. एएमडीने एएम५ ला निदान २०२७ पर्यंत साथ द्यायचं जाहीर केलंय. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा, बोर्ड तोच.

सोल्डरगन

अण्णा, एएम५ ला डीडीआर५ च लागते. आजच्या भावात ती घेऊन ताईंना काय मिळणार? गणित शिकवणारी व्यक्ती चार वर्षांनी प्रोसेसर बदलते हे मी तरी बघितलेलं नाही. मशीन आठ वर्षं चालतं आणि मग आख्खंच बदलतं. अपग्रेडचा विचार आपल्यासारख्या हौशी लोकांना सुचतो. ह.घ्या.

ऐरोलीचा अण्णा

घेतलं हलके. पण भाच्याच्या हातात जाणार असेल ते मशीन, तर माझं म्हणणं कायम. ताईंनी ठरवावं.

खाडीकाठ

मी नेरुळला असते. भागांवर बरेच जण बोलतील, मी भिंतीबद्दल बोलते. मशीन जोडण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या खोलीच्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकात वायरच नसते. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात साधारण २३० दिसायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे. चालू कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर अर्थिंग नाही असंच समजा. थ्री-पिन काढून टू-पिन लावायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

यूपीएस हवाच. महावितरणची लाइट जाते तेव्हा सांगून जात नाही, आणि रेकॉर्डिंग अर्ध्यात गेलं की फाइलही जाते. (ओबीएसमध्ये एमपी४ ऐवजी एमकेव्हीत रेकॉर्ड करा, मध्येच बंद पडलं तरी तोवरचं राहतं. नंतर तिथेच एमपी४ करता येतं.) तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा, पूर्ण जोरात ११७ पर्यंत जातो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. कार्ड नाही तोवर मॉनिटर धरून भागतं. लेझर प्रिंटर मात्र त्याला जोडू नका.

लॅमिंग्टनचा जावई

खरेदीबद्दल माझे चार आणे. रविवार सोडून ग्रँट रोडला जा, लॅमिंग्टन रोडवरची बरीच दुकानं रविवारी बंद असतात. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून पश्चिमेची स्लो, ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. कोटेशन एकाच दुकानात मागू नका. आणि पहिल्या दुकानात "दुसरीकडे विचारून येतो" म्हणताना लाजू नका, तिथे सगळेच म्हणतात.

प्रोसेसर घेताना "बॉक्स पीस" मागा. ट्रे पीस थोडा स्वस्त पडतो, पण त्याला पंखा नसतो आणि इंटेलची तीन वर्षांची वॉरंटीही नसते, जी काय ती दुकानदाराच्या जिभेवर. बिनबिलाचा भाव सांगतील, नको म्हणा. जीएसटी १८ टक्के द्या आणि बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या. बोर्ड गेला तर सर्व्हिस सेंटरवाला आधी बिलच मागतो.

विंडोज "टाकून देतो" म्हणजे चोरीचं. लायसन्स घ्या, नाहीतर लिनक्स मिंट टाका, ओबीएस आणि जिओजेब्रा दोन्ही त्यावर चालतात.

अवांतर: जुन्या मॉनिटरच्या मागे कोणतं पोर्ट आहे ते बघून ठेवा. फक्त व्हीजीए असेल तर बोर्डावर व्हीजीए आहे का ते बघा, नाहीतर कन्व्हर्टर घ्यावा लागेल.

वर्गपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णा, तुमचं पटलं नाही असं नाही, पण डीडीआर५ चा भाव ऐकून भाचाही गप्प बसला. तर आय-५ १२४००, बी७६० डीडीआर४, ८ च्या दोन पट्ट्या, १ टीबी एनव्हीएमई, ५५० वॅट ब्रॉन्झ, आणि पुढून जाळी असलेलं मायक्रो एटीएक्स कॅबिनेट. मॉनिटरला एचडीएमआय आहे. इलेक्ट्रिशियन येऊन गेला, अर्थिंग ठीक आहे. आता जुळवताना काय सांभाळायचं ते कोणी नीट सांगेल का? व्हिडिओ बघितलेत, पण ते लोक फार भराभर करतात.

पितळी स्क्रू

मी सांगतो, हळूहळू.

चुंबकी टोकाचा दोन नंबरचा चारपाती स्क्रूड्रायव्हर घ्या. बाकी काही विशेष लागत नाही. काम डायनिंग टेबलावर करा. कॅबिनेटला काचेचं दार असेल तर ते काढून गादीवर ठेवा. टफन्ड काच सपाट बाजूने दणका सोसते, पण तिची कड फरशीवर टेकली की क्षणात चुरा होतो. टाइल्सवर तर अजिबात ठेवू नका.

बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही तशीच खूण असते. दोन्ही जुळवून, वरून न दाबता, अलगद सोडायचा. पिना सॉकेटमध्ये आहेत, तिथे बोट लागू द्यायचं नाही. मग सॉकेटची दांडी खाली आणताना कुरमुरे चावल्यासारखा आवाज येतो आणि बराच जोर लागतो. पहिल्यांदा करणारा इथे हमखास थांबतो. थांबू नका, ते तसंच असतं. वरची काळी प्लॅस्टिकची टोपी आपोआप उडते. ती जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत पाठवताना ती नसेल तर परत करतात.

इंटेलच्या पंख्याखाली पेस्ट आधीच लावलेली असते, आणखी लावू नका आणि त्याला बोटही लावू नका. चार प्लॅस्टिकच्या पिना कर्णाकर्णाने दाबायच्या, प्रत्येकीचा "टक" ऐकू आला पाहिजे. मग बोर्ड उलटा करून मागून बघा, चारही काळ्या पिना सारख्या बाहेर आलेल्या दिसतात का. पंखा नीट बसला नसेल तर मशीन चालू होतं, पण तापून हळू पडतं, आणि कारण लवकर सापडत नाही.

रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एनव्हीएमईवर बोर्डाचा पत्रा बसवणार असाल तर त्याच्या आतल्या पट्टीवरचा पातळ कागद सोलायला विसरू नका.

आता बोर्ड कॅबिनेटमध्ये घालण्याआधीच चालवून बघा. एसएमपीएसची २४ पिनांची वायर, प्रोसेसरची ८ पिनांची वायर (ती बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, पंख्याची तर ४ पिनांची, घोळ करू नका), आणि मॉनिटर. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर स्पर्श करायचा. बायोस (बोर्डाचा स्वतःचा सेटिंगचा पडदा) दिसलं की अर्धं काम झालं. इथे काही बिघडलेलं असेल तर सगळे स्क्रू पुन्हा काढायचा त्रास तरी वाचतो.

कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खांब) बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. जास्तीचा एखादा राहिला आणि बोर्डाच्या मागच्या टाक्याला टेकला तर शॉर्ट होतं. समोरच्या बटणांच्या बारीक वायरी सगळ्यात किचकट. त्यात स्विचला उलटसुलट चालतं, एलईडीला प्लस-मायनस पाहावा लागतो. पुस्तिकेतलं चित्र मोबाइलवर मोठं करून बघा, भाच्याचे डोळे इथे कामाला येतील.

खाडीकाठ

+१. एक भर: घोडबंदर रोडच्या बाजूची धूळ पाचपाखाडीतही येते. समोरच्या जाळीतला फिल्टर दर महिन्याला काढून धुवा. आणि पावसाळ्यात मशीन आठवडाभर बंद ठेवू नका, मधूनमधून चालवलं की आतला ओलावा उडतो.

वर्गपाटी

झालं! पितळी स्क्रूंनी सांगितल्याप्रमाणे खोक्यावर ठेवूनच चालवलं, बायोस दिसलं तेव्हा भाच्याने एवढी आरोळी ठोकली की शेजारच्या काकू विचारायला आल्या. कुरमुऱ्यांचा आवाज आधीच माहीत होता म्हणून निभावलं.

आता एक अडचण. विंडोज ११ पेनड्राइव्हवरून टाकतेय, पण मध्येच इंटरनेट मागतं आणि बोर्डाचं वायफाय त्याला दिसतच नाही. पुढे जाताच येत नाही.

सोल्डरगन

अभिनंदन ताई. विंडोजकडे त्या वायफायचा ड्रायव्हर नाही, बाकी सगळं ठीक आहे. अँड्रॉइड फोन यूएसबीने मागच्या पोर्टला जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, तो केबलचं इंटरनेट असल्यासारखा दिसेल. विंडोज बसलं की बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून चिपसेट, वायफाय आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर घ्या.

मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग ३२०० दिसला पाहिजे, कमी दिसला तर एक्सएमपी बंदच आहे. आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलंत तर विंडोज ११ बऱ्याचदा स्वतःच डिस्क एन्क्रिप्ट करतं. त्याची रिकव्हरी की खात्यात साठते. ती वहीत उतरवून ठेवा, बायोस अपडेट केल्यावर कधीकधी मागतं.

वर्गपाटी

फोनने काम झालं. वेग ३२०० दिसतोय. ओबीएसमध्ये क्विक सिंकही आलं, समीकरणं सोडवताना पेन अजिबात मागे पडत नाही. की वहीत लिहिली. भाचा विचारतोय, बक्षिसाच्या पैशांतून पुढे कार्ड घेतलं तर हाच एसएमपीएस चालेल का?

ऐरोलीचा अण्णा

सांगा त्याला, चालेल. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटचं आहे, बहुतेकांना वेगळी पॉवर वायरही लागत नाही. ४०६० घेतलं तरी ११५ वॅट, ५५० मध्ये आरामात. फक्त घेण्याआधी टेपने कॅबिनेटच्या आतली लांबी मोजायची, समोरचे पंखे धरून. यूपीएस मात्र तेव्हा मोठा लागेल, १००० व्हीएचा बघा.