टेक्नो क्लबमध्ये नक्की ऐकायचं काय असतं?

झोपमोड
शनिवारी ग्रुपबरोबर पहिल्यांदा एका प्रॉपर टेक्नो क्लबला गेले. पार्टीतला डीजे माहितीये, तो गाणी लावतो, आपण ओळखीचं लागलं की किंचाळतो वगैरे, पण हे प्रकरणच वेगळं निघालं. अकराला पोचलो तर आत चार टाळकी, अंधार, आणि नुसतं धड धड धड धड. मला वाटलं अजून सुरू व्हायचंय. तर ते तसंच चालू राहिलं पहाटेपर्यंत! एक गाणं कधी संपलं नि दुसरं कधी लागलं काही पत्ता नाही, शब्द नाहीत, एक वाजल्यानंतर अख्खा हॉल डोळे मिटून नाचतोय आणि मधेच सगळे एकदम ओरडले, का ओरडले देव जाणे. गंमत म्हणजे बोअर नाही झालं, पाय आपोआप हलत होते. पुन्हा जायचंय पण जरा समजून. ऐकायचं काय असतं यात? आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात शिट्टी वाजत होती, ते नॉर्मल आहे का?

फेडर_वर_बोट
गाणी शोधू नकोस, तिथेच गडबड होते. डीजेचा दोन-तीन तासांचा सेट हीच एक सलग गोष्ट समज, ट्रॅक म्हणजे त्यातले तुकडे, आणि ते मुद्दाम असे बनवलेले असतात की सुरुवातीला नि शेवटी नुसता ठेका राहतो म्हणजे दुसरा ट्रॅक त्यावर बेमालूम चढवता येतो. दोन्हींचा वेग जुळवायचा, मग जुन्याचा बेस हळूच कापायचा आणि नव्याचा उघडायचा. दोन बेस एकत्र वाजले की सगळा चिखल होतो म्हणून एका वेळी एकच. पुढच्या वेळी फक्त तो क्षण पकडायचा प्रयत्न कर, बेस कधी बदलला.

बाकी हिशोब सोपा आहे. चार ठोक्यांचा एक बार, आणि बदल बहुतेक वेळा ८, १६ किंवा ३२ बारनंतर येतात. वेग मोजतात मिनिटाला किती ठोके यावर (बीपीएम). हाउस, म्हणजे टेक्नोसारखंच दुसरं क्लबातलं संगीत, साधारण १२० ते १३०, टेक्नो त्याच्या थोडं पुढे, हल्ली तर १४० च्या वर पण सर्रास वाजवतात (मला नाही झेपत, पण पोरांना आवडतं). १२८ बीपीएम धरलं तर ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट. हे शरीराला आपोआप कळायला लागतं, मोजावं लागत नाही. म्हणून तर ओरडतात! किक, म्हणजे ते धड धड, काढून घेतात, नुसता वरचा आवाज ताणत नेतात, आणि सगळ्यांना माहीत असतं आता येणार, आणि ती येते तेव्हा समेवर आल्यावर दाद जाते तसं होतं. चांगला डीजे कधी कधी ती आणखी ८ बार उशिरा आणतो, नुसतं छळायला.

आणि अकराला चार टाळकी असतात तो वॉर्म-अप सेट. माझ्या मते रात्रीतला सगळ्यात अवघड तोच, कारण फ्लोअर भरायचा पण पेटवायचा नाही, पुढच्याला जागा ठेवायची. ऐकायला शिकायचं तर तेव्हाच जा, गर्दी नसते, डोकं ताजं असतं.

खरंबोलू_का
एवढं थिअरी वाचून पण धडधडाट तो धडधडाटच. मशीन वाजवतं, माणूस बटण दाबतो, आणि त्याला म्हणे कला.

कर्णपिशाच्च
कानाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. शिट्टी वाजणं कॉमन आहे पण नॉर्मल म्हणून सोडून देऊ नका, कानाला झेपेल त्यापेक्षा जास्त झालं याची ती खूण आहे. कामाच्या ठिकाणी आवाजाचा जो हिशोब वापरतात त्यात ८५ डेसिबल ८ तास चालतो, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, असं करत करत १०० ला फक्त १५ मिनिटं. आणि क्लबात स्पीकरपाशी १०० सहज असतो, तुम्ही पहाटेपर्यंत होतात! आतल्या कानातल्या बारीक पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी सरासरी १०० ची मर्यादा सुचवलीये, शिवाय आवाज मोजा, इअरप्लग द्या, एक शांत कोपरा ठेवा, असंही त्यात आहे. कितीजण पाळतात ते दिसतंच.

इअरप्लग घ्या, पण फोमचे नको, त्याने वरचे आवाज जास्त कापले जातात नि सगळं पांघरुणातून ऐकल्यासारखं येतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले मिळतात, ते सगळंच सारखं कमी करतात. टिश्यूचे बोळे घालून काही होत नाही. आणि दोन दिवसांत शिट्टी गेली नाही किंवा एका कानाने कमी ऐकू यायला लागलं तर थांबायचं नाही, सरळ कानाच्या डॉक्टरकडे.

जुनी_कॅसेट
@खरंबोलू_का मशीन वाजवतं हे खरंच आहे की, पण ती मशीन कोणी कशी वाजवली हे बघा ना. रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन १९८३ मध्ये आलं, खपलं नाही, बंद पडलं, मग सेकंडहँड स्वस्तात ज्यांच्या हाताला लागलं त्यांनी त्याचं हे करून ठेवलं. शिकागोत १९७७ पासून वेअरहाउस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स हा डीजे वाजवायचा, समोरचे बहुतेक काळे, लॅटिनो आणि गे लोक, ज्यांना बाकी ठिकाणी फारसं कोणी विचारत नव्हतं. डेट्रॉइटमध्ये वॉन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केविन सॉन्डरसन, तिघं शाळेतले दोस्त, त्यांनी टेक्नो उभं केलं. मग १९८९ ला भिंत पडली आणि पूर्व बर्लिनमध्ये रिकाम्या इमारतीच इमारती. ट्रेझर क्लब १९९१ मध्ये उघडला तो एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातल्या तिजोरीत! २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आवडलंच पाहिजे असं कोण म्हणतंय, पण नुसतं बटण नाहीये.

खरंबोलू_का
तिजोरीतलं माहीत नव्हतं, ते भारी आहे. धडधडाटाबद्दल मत तेच.

झोपमोड
बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. शिट्टी गेलीये आता. ते ओरडण्याचं वाचून एकदम ट्यूब पेटली! आता एक बावळट प्रश्न, ग्रुपमधल्या कोणालाच वॉर्म-अपला यायचं नाहीये, एकटी गेले तर विचित्र दिसेल का? आणि उभं कुठे राहायचं?

पहाटेची_मेट्रो
मी बऱ्याचदा एकटीच जाते. अंधारात कोणी कोणाकडे बघत नाही, सगळ्यांची तोंडं डीजेकडे. फक्त आपला ग्लास हातातून सोडायचा नाही, घरी कसं जायचं ते आधीच ठरवायचं, कोणाला तरी सांगून ठेवायचं आणि कोणी त्रास दिला तर लाज न बाळगता बारवाल्याला किंवा सिक्युरिटीला सांगायचं. मोबाइल खिशात ठेव, बर्लिनमध्ये तर बऱ्याच क्लबांत दारातच कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, ते सगळीकडे करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

जागेचं म्हणशील तर भिंतीला नि कोपऱ्याला चिकटू नको, तिथे बेस साचतो आणि बाकी काही कळत नाही. स्पीकरच्या तोंडाशीही नको. फ्लोअरच्या मधोमध, थोडं मागे, बऱ्याच ठिकाणी साउंड तिथेच सगळ्यात साफ येतो. आणि कोट, बॅग जे काय असेल ते क्लोकरूमला टाक, खांद्यावर बॅग घेऊन तासाभराच्या वर नाचणं होत नाही.