महिला दिनाच्या फलकावरची एक ओळ

ए-702: महिला दिनाच्या फलकाचा मजकूर वर टाकलाय. उद्या दुपारी छपाईला जाणार. काही बदल असतील तर आजच सांगा.

बी-304: ताई, मजकूर छान झालाय. पण ‘1920 मध्ये अमेरिकेने सर्व महिलांना मताधिकार दिला’ ही ओळ बदलावी लागेल. त्यात ‘सर्व’ही चूक आणि ‘दिला’ही चूक. 19व्या घटनादुरुस्तीत एवढंच म्हटलंय की, स्त्री आहे की पुरुष या कारणावरून नागरिकाचं मत केंद्राला किंवा राज्याला नाकारता येणार नाही. बाकीची बरीचशी कारणं राज्यांच्या हातात तशीच राहिली.

सी-101: अगदी बरोबर. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मतदान कर होता, म्हणजे मत द्यायचं तर आधी पैसे भरा; साक्षरता चाचणी होती. नोंदणी करणारा कारकून राज्यघटनेतला उतारा वाचून त्याचा अर्थ सांगायला लावायचा, आणि उत्तर बरोबर की चूक हे तोच ठरवायचा. लाखो कृष्णवर्णीय बायका त्यात अडकल्या त्या थेट 1965च्या मताधिकार कायद्यापर्यंत. जॉर्जिया आणि मिसिसिपीत तर 1920च्या नोव्हेंबरात गोऱ्या बायकांनाही मत देता आलं नाही, कारण नोंदणीची मुदत आधीच संपली होती.

ए-702: ‘सर्व’ काढते. पण काका, ‘दिला’त काय चुकलं?

बी-304: 1848 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला स्त्री-हक्कांसाठी सभा भरली, तिथपासून धरलं तर 72 वर्षं लागली. त्या सभेच्या जाहीरनाम्यावर 68 बायकांच्या आणि 32 पुरुषांच्या सह्या होत्या. पुढे मताधिकार चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट यांनी हिशेबच मांडलाय: पुरुष मतदारांच्या कौलासाठी 56 मोहिमा, राज्यांच्या विधिमंडळांनी तो कौल घ्यावा म्हणून 480, पक्षांच्या राज्य अधिवेशनांत मागणी घुसवायला 277, शिवाय लागोपाठ 19 काँग्रेसकडे, म्हणजे दर दोन वर्षांनी नव्याने बसणाऱ्या अमेरिकी संसदेकडे, पाठपुरावा. एवढं करून मिळालेल्या गोष्टीला ‘दिला’ म्हणवत नाही.

सी-101: यात खासदारांकडे मताधिकाराचा पाठपुरावा करणाऱ्या मॉड यंगर यांच्या कार्डांचं काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. मताधिकारासाठी लढणाऱ्या नॅशनल वूमन्स पार्टीच्या वॉशिंग्टनच्या कार्यालयात काँग्रेसच्या प्रत्येक सदस्यामागे 22 कार्डं असायची. शिक्षण, धर्म, मतदारसंघातली वजनदार माणसं, आधीची मतं, सवयी. कुणी पहाटे लवकर कामाला लागतो हे कळलं की त्याला गर्दी व्हायच्या आत गाठायचं. एक कार्ड खास आईसाठी होतं, कारण मुलगा आईचं ऐकतो हा अनुभव. भेट झाली की नोंद लगेच, आठवणीवर काही ठेवायचं नाही.

बी-304: आणि शेवटी आईच कामी आली! सिनेटने 4 जून 1919ला दुरुस्ती मंजूर केली, पण 48पैकी 36 राज्यांची संमती हवी होती. 35 झाली आणि गाडं अडलं. टेनेसी राज्यात आमदारांकडून आधी लेखी वचनं घेतली होती, तरी राजधानी नॅशव्हिलला अधिवेशन भरताच एकेक जण फिरायला लागला. 18 ऑगस्ट 1920. ठराव बाजूला ठेवावा या सूचनेवर 48-48. पुन्हा मोजलं, पुन्हा 48-48. बरोबरीत सूचना पडते, म्हणून विरोधकांनी मूळ ठरावच मताला घेतला. हिशेब सरळ होता: बरोबरी झाली तर तोही पडेल. तेव्हा 24 वर्षांचा आमदार हॅरी बर्न, कोटाला विरोधकांचा लाल गुलाब, दोन्ही वेळा त्यांच्याच बाजूने मत दिलेला, ‘होय’ म्हणाला. खिशात आईचं पत्र होतं, मताधिकाराला मत दे म्हणून. 49-47.

ए-702: अंगावर काटा आला. म्हणजे झालं ना मग?

बी-304: नाही. फेरविचाराची सूचना फेटाळायला गणसंख्या मिळू नये म्हणून विरोधी आमदारांचा एक गट थेट अलाबामात निघून गेला. शेवटी 26 ऑगस्टला परराष्ट्रमंत्री कोल्बी यांनी सही केली तेव्हा ती दुरुस्ती घटनेत आली.

डी-603: आपल्याकडचा धागाही जोडा. पंडिता रमाबाई 1886 ते 1888 अमेरिकेत होत्या. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी गेल्या आणि फ्रान्सिस विलर्ड यांच्या दारूबंदी संघटनेशी जोडल्या गेल्या. 1889च्या त्यांच्या मराठी प्रवासवृत्तात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर स्वतंत्र लिहिलंय. बायकांना मत मिळालं तर दारूबंदी येईल, या धास्तीने मद्य उत्पादकांनी विरोधात पैसा ओतला, हेही लोकांना कळायला हवं.

ए-702: जागा दोनच ओळींची आहे हो. असं करू? ‘1920: 72 वर्षांच्या लढ्यानंतर अमेरिकी स्त्रियांनी घटनादुरुस्ती मिळवली. कृष्णवर्णीय स्त्रियांचा लढा 1965पर्यंत चालला.’

सी-101: ‘1965नंतरही’ करा. फोटो 1913च्या वॉशिंग्टनमधल्या मताधिकार मोर्चाचा घेताय ना? त्याखाली कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स यांचं नाव घाला. कृष्णवर्णीय म्हणून त्यांना मागच्या रांगेत चालायला सांगितलं होतं, त्या मध्येच इलिनॉयच्या तुकडीत शिरल्या.

ए-702: घातलं. आता छापायला पाठवते.