मदत हवी आहे : शेडमध्ये उभ्या असलेल्या कारमध्ये उंदीर शिरू नयेत म्हणून काय करावे?

वाळवा तालुक्यातील आमच्या घरालगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची कार हिवाळाभर उभी राहणार आहे, आणि नेमक्या याच काळात भोवतालचा ऊस तुटत असल्याने फडातले उंदीर आसरा शोधत वस्तीकडे वळतात. गेल्या हंगामात एअर फिल्टरच्या डब्यात पाचटाचे आणि सीटच्या फोमचे घरटे निघाले; इंजिनाजवळच्या वायरींचे वेष्टण तर तांबे दिसेपर्यंत कुरतडलेले होते. विषारी गोळ्या मला नकोत, कारण उंदीर डॅशबोर्डमागे मेला तर दुर्गंधी जाता जात नाही, शिवाय अंगणात मांजर आहे. डांबरगोळ्यांचा वास उघड्या शेडमध्ये टिकत नाही. हवा आत घेणाऱ्या तोंडावर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी कायमची बसवता येते का, आणि बॉनेट उघडे ठेवल्याने खरोखर फरक पडतो का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.