अडचण जीवाणूंची नाही, वायू विरघळण्याची आहे
गोबरगॅसला मिथेनभक्षी जीवाणूंची टाकी जोडली की शेतकऱ्याला परसातच बायोप्लास्टिक करता येईल, असे काहींचे म्हणणे आहे; ते तत्त्वतः मान्य आहे, कारण नत्र कमी पडले की यांतले काही जीवाणू पेशींत पीएचबी हा प्लास्टिकसारखा पदार्थ साठवतात. परंतु २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात शुद्ध मिथेनही जेमतेम २२ मिलिग्रॅम विरघळतो, शिवाय त्याच पाण्यात प्राणवायूही मुरवावा लागतो, आणि हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की ते मिश्रण स्फोटक ठरते.

म्हणून परसाऐवजी कारखान्याचा विचार करावा. लातूर-धाराशिवकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत स्पेंटवॉशपासून (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यापासून) मिळणारा मिथेनयुक्त वायू बॉयलरमध्ये जाळतात. पाइपाजवळ सडक्या अंड्यांचा वास येतो. तो वास ज्याचा, तो हायड्रोजन सल्फाइड वायू आधी काढून, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली, सौंदर्यप्रसाधनांत लागणारे एक्टोइन हे रसायन तिथेच करून पाहावे, असे मला मनापासून वाटते. खाऱ्या पाण्यात वाढणारे काही मिथेनभक्षी जीवाणू हे एक्टोइन स्वतःच तयार करतात.