वेशीवरच्या काट्या: गाव वाचवलं की माणूस अडवला?

पऱ्हाटी: काल एका पोस्टीत वाचलं, "२०२० मध्ये, कोरोनात, वेशीवर काट्या टाकल्या म्हणून आमचं गाव वाचलं. मानवी हक्क शहरवाल्यांनी मिरवावेत." छान. काट्यांच्या अलीकडे कोण होतं, तेही लिहा ना. माझी वहिनी, नववा महिना. मे महिन्यात ई-पास काढून पुण्याहून आली, तरी दीड तास लिंबाखाली बसवली. पाणी दिलं ते वरून, ओंजळीत. माझ्या आजीला तसंच मिळायचं. १८९७ चा साथरोग कायदा अधिकार देतो राज्य सरकारला. वेशीवरच्या पोरांच्या हाती काठी कोणी दिली?

वेशीवाला: मी होतो तसाच काठी घेऊन, माझ्या गावात. द्या शिव्या. ऑक्सिजनचा बेड आमच्यापासून ७० किलोमीटर. आमच्याजवळ बोराटीच होती, तीच टाकली. संविधानाचं कलम २१ जगण्याचा हक्क देतं ना? मग आमच्या म्हाताऱ्यांना तो नव्हता काय?

कापूस घरातच: तुमचं चालू द्या. मायं आयका. लॉकडाऊनमंधी खरेदी बंद, ३० क्विंटल कापूस घरात. लेकरं त्याच्यावरच निजे, अंगभर खाज. जूनमंधी खरेदीत नंबर लागला तं कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर म्हणे, पिवळा पडला. हा कोणता हक्क व्हय?

गुरुजी: कापसाचा इथे काय संबंध? मुद्दा प्रमाणाचा आहे. लसीच्या खटल्यात २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालय तेच म्हणालं. लसीची सक्ती नाही, आणि निर्बंध घातले तर ते गरजेच्या प्रमाणात हवेत.

कापूस घरातच: तुमचा पगार चालू होता, म्हणून प्रमाण सुचते.

गुरुजी: मार्चचा पगार दोन टप्प्यांत झाला, माहीत नसेल तर बोलू नका! बाहेरून आलेली माणसं चौदा दिवस आमच्याच वर्गात होती. रात्री कंदील घेऊन मीच बसायचो.

कापूस घरातच: दोन टप्प्यांत आला तं खरा! मायावाला तं एका टप्प्यातही नाई. व्यापाऱ्यानं मातीमोल नेला.

पऱ्हाटी: अरे, कापूस आवरा. वेशीवाले, भीती आम्हालाही होती. काट्या एकवेळ समजू. ओंजळीचं काय?

वेशीवाला: तांब्या दिला असता तर परत कोण उचलणार, हेच डोक्यात असायचं. जात नव्हती डोक्यात.

पऱ्हाटी: तांब्या तिथंच लिंबाखाली ठेवून जाता आला असता.

वेशीवाला: …हो. तेवढं चुकलं. काट्यांचं नाही म्हणणार.

कापूस घरातच: गुरुजी, ग्रेडरचं राह्यलंच.