हरिकेन येतंय: तुमच्या काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) काय केलं, तुम्ही काय केलंत?

१ जून ते ३० नोव्हेंबर, दरवर्षी तोच मोसम आणि तीच धाकधूक. फ्लोरिडा, टेक्सास, लुइझियाना, जिथे असाल तिथले अनुभव येऊ द्यात. रेनकोट घालून वाऱ्यात उभे राहणारे टीव्हीवाले खूप पाहिलेत. वादळ येण्याआधीचं लिहा.

टँपा बे:
२०२४ मध्ये हेलीन वादळ जाऊन दोन आठवडे होतात न होतात तोच मिल्टन. रस्त्याकडेला हेलीनचा कचरा तसाच पडलेला. भिजलेल्या गाद्या, कार्पेट, फ्रीज, उखडलेलं ड्रायवॉल. हेच उद्या खिडक्यांवर आदळणार, म्हणून ट्रक रात्रीसुद्धा उचलत होते, तरी बरंच उरलं. आमचा झोन ए, म्हणजे सगळ्यात आधी घर सोडायला सांगतात तो भाग. महापौर जेन कॅस्टर यांनी तर स्पष्टच सांगितलं, या झोनमध्ये थांबलात तर मराल. काहींना ते झोंबलं. मला विचाराल तर गोडीगुलाबीने आमची गल्ली हललीच नसती. सासूबाईंचं एकच पालुपद, "घर पक्कं आहे ना, मग दारं लावून बसू." म्हटलं, आई, हे झोन वाऱ्याचे नसतात, पाण्याचे असतात. टोल माफ होता, हायवेचा शोल्डरही (कडेची पट्टी) गाड्यांना खुला केला होता. शेवटी ९ ऑक्टोबरला मिल्टन आमच्या दक्षिणेला, सिएस्टा कीवर धडकलं आणि खाडीचं पाणी चढायच्या ऐवजी ओसरलं. शेजारी अजून म्हणतात, उगाच पळालात. वादळाचा डोळा (केंद्र) जरा उत्तरेला सरकला असता तर हेच वाक्य त्यांनी छपरावर बसून म्हटलं असतं.

ह्यूस्टन:
२०१७ ला हार्वीच्या वेळी शहर रिकामं करायला का सांगितलं नाही, म्हणून लोक अजून चिडतात. २००५ चं रीटा आठवणारे चिडत नाहीत. तेव्हा सगळे एकदम निघाले, गाड्या उन्हात तासन्‌तास जागच्या हलेनात, पेट्रोल संपलं. वादळापेक्षा त्या पळापळीतच जास्त माणसं गेली. आता झिप कोडनुसार झोन आहेत, किनाऱ्यावरचे आधी निघतात. बाकीच्यांनी घरी थांबून रस्ता मोकळा ठेवायचा.

फोर्ट मायर्स:
बाबांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. काउंटीकडे अशा माणसांसाठी 'स्पेशल नीड्स' नोंदणी असते, ती मोसमाआधीच करून टाका. इयानच्या वेळी (२०२२) फोन त्यांचाच आला, न्यायला गाडीही आली. शेल्टरमध्ये जनरेटर होता, नर्स होती. औषधांची यादी मात्र कागदावर न्या. फोन बंद पडला की डोस कुणालाच आठवत नाही.

न्यू ऑर्लिन्स:
घर सोडताना फ्रीझरमध्ये कपभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर समजा, वीज बराच वेळ गेली होती आणि बर्फ वितळून पुन्हा गोठलाय. सगळं फेकून द्या. आत मासे असतील तर नाणं बघायचीही गरज पडत नाही.